रांगत रांगत पब: प्रागमधल्या दोन संध्याकाळी

केतकीबन

नमस्कार मंडळी. बऱ्याच महिन्यांनी लिहायला बसलेय, तेव्हा शुद्धलेखन सांभाळून घ्या.

कंपनीने चार महिन्यांसाठी प्रागला पाठवलंय. वय ४१, घर मिरजेला, नवरा आणि लेक तिकडेच. ऑफिसातली माणसं चांगली आहेत, पण पाचला लॅपटॉप मिटला की जो तो आपापल्या वाटेने. पहिले तीन आठवडे शुक्रवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ माझ्या तोंडून 'दोब्री देन' (नमस्कार) आणि 'देकुयी' (धन्यवाद) एवढेच शब्द बाहेर पडले, तेही किराणा दुकानाच्या काउंटरवर. घरी व्हिडिओ कॉल असतो, पण लेक फोन उताणा ठेवून अभ्यास करते. मी पंखा बघत बसते.

शेवटी एका शनिवारी पब क्रॉलसाठी नाव नोंदवलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: एक गाईड असतो, तो अनोळखी माणसांचा घोळका घेऊन एका संध्याकाळी तीन-चार पबांतून फिरवतो. मी वर्षातून दोनदा बिअर पिणारी बाई. मला बिअर नको होती, बोलायला माणूस हवा होता.

पहिली फेरी फसली. जुन्या शहराच्या चौकात १४१० सालचं खगोलीय घड्याळ आहे. दर तासाला वरच्या खिडक्यांतून प्रेषितांच्या मूर्ती एकेक करून डोकावतात, आणि खाली मान वर करून गर्दी उभी असते. त्या गर्दीत आमचा गाईड लाल छत्री उघडून उभा. चाळीसेक जण. मनगटाला कागदी पट्टी बांधली आणि एका तळघरात नेलं. पहिला तास हवं तेवढं प्या. प्लास्टिकच्या कपात हिरवं काहीतरी होतं, खोकल्याच्या औषधासारखं. सरासरी वय बावीस. त्यात इंग्लंडहून आलेली एक वरात होती, म्हणजे नवरदेव आणि त्याचे दहा मित्र. नवरदेवाला त्यांनी अंगडं-टोपडं घातलेलं.

गाणी एवढ्या जोरात की शेजारच्याला 'कुठून आलीस?' हे तीनदा ओरडून विचारावं लागलं. मी ओरडले, "मिरज!" त्याला ऐकू आलं 'मॅरेज'. त्याने माझा हात हातात घेऊन अभिनंदन केलं आणि नवरदेवाला बोलावून आणलं. नवरदेवाने मला मिठी मारली. इथे माझा पहिला आणि शेवटचा संवाद संपला.

दुसऱ्या ठिकाणाच्या पायऱ्यांवर एक मुलगी गुडघ्यात डोकं घालून बसली होती. पोर्तुगालची, विसाव्या वर्षाची वगैरे. गाईडने माणसं मोजली, एक कमी भरली, तरी छत्री उघडून पुढे निघाला. मी तिच्याजवळ बसले, पाणी आणलं, उलटी झाल्यावर तोंड पुसायला रुमाल दिला आणि ट्राममध्ये बसवून तिच्या हॉस्टेलपर्यंत पोचवलं. माझ्या साडेसातशे कोरुनांत एवढं झालं. (एक कोरुना म्हणजे साधारण चार रुपये.)

हे सगळं सोमवारी ऑफिसात सांगितलं तर शेजारच्या टेबलवरची बाई म्हणाली, तू चुकीच्या टोळीबरोबर गेलीस. तिच्या ओळखीच्या एक बाई लहान गट घेऊन फिरतात. संध्याकाळी सहा ते साडेनऊ, दहाच्या वर माणसं घेत नाहीत, आणि जुन्या शहरात पाऊल टाकत नाहीत.

तर दुसरी संध्याकाळ.

भेटायचं ठिकाण यिर्झिहो झ पोद्येब्राद चौक. सगळे 'यिर्झाक' म्हणतात, आणि का म्हणतात ते एकदा पूर्ण नाव उच्चारून बघा म्हणजे कळेल. तिथे प्लेच्निक नावाच्या स्लोव्हेनियन वास्तुरचनाकाराचं १९३२ मध्ये पूर्ण झालेलं चर्च आहे. मनोऱ्यात आरपार दिसणारं भलंमोठं काचेचं घड्याळ. त्याच्याखाली आम्ही नऊ जण. गाईडबाई पन्नाशीच्या, आधी शाळेत भूगोल शिकवायच्या. ते कळतच होतं. त्यांनी आम्हाला ओळीत उभं करून तीन नियम सांगितले. ग्लास टेकवताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं. एका ग्लासातली बिअर दुसऱ्यात ओतायची नाही. आणि नको असेल तर ग्लासावर जाड पुठ्ठ्याची चकती ठेवायची, नाहीतर वेटर न विचारता पुढचा आणत राहील.

तिसरा नियम मला गंमत वाटला. पहिल्याच पबात खरा निघाला.

ते दुकान म्हणावं एवढंच. सहा लाकडी टेबलं, भिंतीवर हॉकीच्या संघाचा पिवळा पडलेला फोटो. नळावरच्या माणसाने ग्लास आधी थंड पाण्यात खळबळून घेतला, तोटीचं तोंड तळाशी नेलं आणि आधी फेस सोडला, मग त्या फेसाच्या खालून बिअर भरली. वर तीन बोटं फेस, दाट, सायीसारखा. मला आपल्याकडे बिअर देताना फेस कमी कर म्हणून भांडणारे काका आठवले. इथे फेस नसेल तर लोक परत पाठवतात. ग्लास टेबलावर आला आणि वेटरने खिशातून कागदाची अरुंद चिठ्ठी काढून त्यावर पेन्सिलने एक रेघ ओढली. ती चिठ्ठी टेबलावरच राहते. प्रत्येक ग्लासाला एक रेघ, पाचवी आडवी. शेवटी रेघा मोजून बिल. एकाच चिठ्ठीवर आमच्या नऊ जणांच्या रेघा, त्यामुळे कोण किती प्यालं हे गाईडबाईंनाच ठाऊक.

पण खरी गोष्ट मला रस्त्यात कळली. पबात नऊ जणांचं टेबल म्हणजे दोघं बोलतात, सात ऐकतात. उठून चालायला लागलो की फुटपाथ अरुंद, आपोआप दोन-दोनच्या जोड्या पडतात. सात-आठ मिनिटं चाललं की पुढचा पब, तिथून निघताना जोडी बदललेली. पहिल्या टप्प्यात माझ्याबरोबर बर्लिनमध्ये काम करणारी कोरियन नर्स होती. तिने रात्रपाळीबद्दल जे सांगितलं ते टेबलावर कधीच सांगितलं नसतं. दुसऱ्या टप्प्यात ब्रनोचा एक चेक माणूस. तो त्याच देशाचा, तरी प्रागमध्ये बदली होऊन आल्यावर दोन महिने एकटाच जेवत होता. हे ऐकून मला उगाच बरं वाटलं.

त्याच टप्प्यात झिझ्कोव्हचा टीव्ही मनोरा लागतो. २१६ मीटर, रॉकेटसारखा. त्यावर डेव्हिड चेर्नी या शिल्पकाराची दहा महाकाय बाळं वर चढताना दिसतात. अंगाने गुटगुटीत आणि चेहऱ्याच्या जागी नुसत्या खाचा. अंधारात मनोऱ्यावर दिवे होते आणि ती बाळं काळी दिसत होती. गाईडबाई थांबल्या आणि म्हणाल्या, "क्रॉल म्हणजे रांगणं ना? शहरातली रांगणारी मंडळी ही एवढीच. तुम्ही सरळ चाला."

तिसऱ्या पबात साडेनऊ झाले. बारा टक्क्यांच्या तीन बिअर प्यायले तरी सरळ चालत घरी आले, याचा मला अभिमान आहे. चिठ्ठी मी मागून घेतली. डायरीत आहे.

तुमच्यापैकी कुणी असं अनोळखी लोकांबरोबर फिरलंय का? कुठे? सविस्तर लिहा.

---

पेठेतला

म्हणजे पैसे भरून, कुणाच्या तरी छत्रीमागे रांगेत, दारू प्यायला जायचं. आमच्याकडे गणपती बघायला असे जातात, ते फुकट.

---

झिपरी

'मॅरेज'ला फुटले. नवरदेवाचा फोटो आहे का?

---

व्ल्टावाकाठी

केतकीबन, छान लिहिलंय. इथे अकरा वर्षं आहे, म्हणून एक दुरुस्ती करतो, राग मानू नका. बारा टक्के नाही, बारा अंश. पाटीवर १०, ११, १२ असे आकडे असतात ते मद्यार्काचे नाहीत. बिअर आंबायच्या आधी त्या पाण्यात माल्टचा किती अंश उतरलाय त्याचं माप. दहाच्या बिअरमध्ये मद्यार्क चार टक्क्यांच्या आसपास, बाराच्यात पाचच्या. तेव्हा अभिमान थोडा कमी करा.

पहिल्या संध्याकाळबद्दल वाईट वाटलं, आश्चर्य नाही वाटलं. मी सहा वर्षं जुन्या शहरात तिसऱ्या मजल्यावर राहिलोय. रात्री दोनला खिडकीखाली चाळीस जण एकसुरात ओरडतात तेव्हा काय होतं हे छत्रीमागे चालणाऱ्याला कळत नाही. लहान मूल दचकून उठतं, मग आपण उठतो, मग खाली बघतो तर कुणीतरी आपल्याच दाराशी लघवी करत असतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये महापालिकेने रात्री १० ते सकाळी ६ या वेळात गाईडसह निघणाऱ्या पब क्रॉलवर बंदी घातली. आपापलं कुणीही, कितीही वाजता पबात जाऊ शकतं. टोळी बांधून न्यायची नाही. तुमच्या दोन्ही फेऱ्या आधी संपल्या त्याचं कारण हे.

---

पेठेतला

बघा. तिथल्या महापालिकेलाही माझंच म्हणणं पटलं.

---

व्ल्टावाकाठी

पेठेतला, नाही पटलं. पबावर बंदी नाही, वरातीवर आहे.

---

नलूमावशी

केतकी, त्या पोर्तुगालच्या पोरीला पोचवलंस हे फार चांगलं केलंस गं. तिच्या आईला कधी कळणारही नाही.

मी डोंबिवलीची, वय ६७. आमच्या वेळी बाईने हॉटेलात एकटीने चहा प्यायला बसणं म्हणजे चर्चा. त्यामुळे तुझं वाचताना आधी छातीत धस्स झालं, मग मजा वाटली. पण एक सांग, तू शाकाहारी ना? रिकाम्या पोटी तीन ग्लास? काय खाल्लंस?

---

केतकीबन

व्ल्टावाकाठी: अरे देवा. नवऱ्याला बारा टक्के सांगून झालंय. आता सुधारणार नाही.

मावशी, मंगळवार सोडून बाकी दिवशी सगळं चालतं हो मला. पण त्या दिवशी मंगळवारच होता! दुसऱ्या पबात तेला-मसाल्यात मुरवलेलं चीज मिळालं, 'नाक्लादानी हेर्मेलीन'. मऊ पांढरी वडी आडवी कापून आत लसूण-तिखट भरतात आणि कांदा, मिरी घालून तेलात बुडवून ठेवतात. वर काळा पाव. अगदी आपल्या लोणच्याच्या बरणीतून काढल्यासारखं, बोटं चाटून खाल्लं. बाकीच्यांनी 'उतोपेनेत्स' मागवलं, म्हणजे व्हिनेगरमध्ये मुरलेलं सॉसेज. शब्दाचा अर्थ 'बुडून मेलेला'. तो अर्थ गाईडबाईंनी सगळ्यांचं खाऊन झाल्यावर सांगितला.

---

अनुस्वार

अवांतर, पण राहवत नाही. चेक भाषेत बिअरला 'पिवो' म्हणतात. पिणे या क्रियापदाचं चेक रूप 'पीत'. संस्कृत 'पिबति', मराठी 'पिणे', चेक 'पीत' आणि 'पिवो' ही सगळी एकाच मुळाची भावंडं. म्हणजे पिवोचा मूळ अर्थ नुसता 'पेय'. त्यांनी पेय म्हटल्यावर दुसरं काही डोक्यात आलंच नाही, हे त्यांचं.

---

टपरीवाला

मग प्याला पण त्यातलाच का?

---

अनुस्वार

नाही, तो फारसीतून आलाय. पण चांगला प्रयत्न.

---

दर्यावर्दी

बोटीवर २२ वर्षं काढली, त्यामुळे बंदरातले पब हा माझा अभ्यासाचा विषय. गाईड घेऊन कधी गेलो नाही, पण ब्रिटिश सहकाऱ्यांबरोबर खूप हिंडलोय. हा मूळचा त्यांचाच खेळ. लीड्समध्ये 'ऑटली रन' म्हणून प्रकार आहे. ऑटली रोडवरून शहराकडे येताना पंधराएक पब लागतात, शनिवारी पोरं सोंगं घेऊन ते ओळीने करतात. मी एकदा उभ्याने पाहिलंय. दुपारी चारला सहा केळी आणि एक पोप रस्ता ओलांडत होते.

त्यांच्याकडचा खरा सापळा 'राउंड'चा. सहा जणांत बसलात की एकेकाने सगळ्यांसाठी आणायचं. म्हणजे प्रत्येकाची पाळी यायची तर सहा पाइंट झालेच. मध्येच उठलात तर फुकट प्यायलात असं होतं. न मोडता सुटायचा मार्ग एकच: पहिली पाळी आपण घ्यायची. मग दोन ग्लासांनंतर राम राम ठोकला तरी कुणी काही बोलत नाही. प्रागची चिठ्ठीवरची रेघ यापेक्षा कितीतरी सुसंस्कृत.

बंदीचं म्हणाल तर प्राग एकटं नाही. बार्सिलोनाने जुन्या भागात २०१२ लाच पब क्रॉल बंद केले. स्पेनच्याच मायोर्का बेटावरच्या मागालूफ भागात २०२० पासून बंदी आहे. ज्या गावाला आपलं गाव परत हवंसं वाटतं ते हे करतं.

---

ताकपिता

प्रामाणिक प्रश्न. मी पीत नाही. कधीच नाही. पण धागा वाचून जावंसं वाटतंय, विशेषतः ते चालत बोलण्याचं. न पिणाऱ्याने जायचं का? की कोपऱ्यात संत्र्याचा रस घेऊन सगळ्यांचे रुमाल सांभाळायचे?

---

केतकीबन

ताकपिता, आमच्या नऊ जणांत एक डच आजोबा होते, त्यांना गोळ्या चालू असल्यामुळे बिअर बंद. ते तिन्ही पबांत कोफोला प्यायले. १९६० मध्ये कम्युनिस्ट राजवटीत पाश्चात्त्य कोला मिळेना म्हणून बनवलेलं पेय, जडीबुटीची किंचित कडवट चव आणि साखर कमी. तेही नळातूनच येतं, तशाच काचेच्या मगात, आणि चिठ्ठीवर त्याचीही रेघ. दुरून काळ्या बिअरसारखं दिसतं. कुणी विचारलं नाही की का पीत नाही. आपल्याकडच्या पार्टीत हा प्रश्न निदान चार जण विचारतात, पाचवा आग्रह करतो.

आजोबांच्या आजी मात्र 'म्लीको' मागवत होत्या. म्लीको म्हणजे दूध! पण येतो तो बिअरचा नुसता फेस भरलेला ग्लास, तो बसायच्या आत एका दमात प्यायचा. गोडसर लागतो. मला एक घोट दिला त्यांनी. आयुष्यात पहिल्यांदा कळलं की बिअर गोडसुद्धा असते.

---

सासष्टीकर

आमच्या गोव्यात आता हेच सुरू झालंय. पणजीत फोंताइन्यसच्या गल्ल्यांतून फिरवतात, दोन-तीन जुन्या तावेर्नांत, म्हणजे गल्लीतल्या छोट्या दारूच्या दुकानांत, नेतात, फेणी चाखवतात. मी आधी नाक मुरडलं. मग पुण्याहून आलेल्या भाच्याबरोबर गेलो आणि मलाच माहीत नसलेलं बरंच कळलं.

मार्च-एप्रिलमध्ये या म्हणजे हुर्राक मिळेल. काजूच्या बोंडाचा रस आंबवून एकदा गाळला की हुर्राक, पुन्हा गाळला की फेणी. हुर्राक टिकत नाही, हंगाम संपला की संपला. लिंबू सोडा, चिमूटभर मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची घालून घेतात. काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला, त्यानंतर पर्यटकांचा फेणीकडे बघण्याचा डोळा बदलला. आधी लोक वासाने पळायचे. वास तोच आहे.

पण तावेर्न आणि क्रॉल हे जमत नाही, हे मात्र सांगतो. तावेर्नात चार बाकं. तिथे रोज संध्याकाळी सातला येणारे ठरलेले चौघे. बारा जणांचा गट आत शिरला की ते चौघे ग्लास घेऊन बाहेर फुटपाथवर. मी त्या दिवशी गटात होतो आणि बाहेर माझा शाळेतला मित्र उभा होता. त्याने माझ्याकडे असं बघितलं की अजून लक्षात आहे.

---

व्ल्टावाकाठी

सासष्टीकर, टाळ्या. इथेही नेमकं तेच. प्रत्येक होस्पोदात, म्हणजे चेक पबात, 'श्टामगास्ट' असतात, म्हणजे रोजचे. त्यांचं टेबल ठरलेलं, खुर्ची ठरलेली, काहींचा मग वेगळा टांगलेला. चेक माणूस एका संध्याकाळी चार पब करत नाही. तो एका पबात चार वर्षं करतो.

हुसोवा रस्त्यावर 'सोनेरी वाघ' नावाची जुनी होस्पोदा आहे. जानेवारी १९९४ मध्ये राष्ट्राध्यक्ष हावेल बिल क्लिंटनना घेऊन तिथे बिअर प्यायला गेले होते. दुपारी तीनला उघडते, त्याआधी बाहेर रांग. आत बहुतेक टेबलं श्टामगास्टांची. तिथे छत्री घेऊन दहा जण गेलात तर आल्या पावली परत येता.

म्हणून माझं म्हणणं: केतकीबनच्या दुसऱ्या बाई चांगल्या, पण तीन पब तरी कशाला? एकच निवडा आणि दर आठवड्याला त्याच वारी जा. तिसऱ्या खेपेला वेटर मान हलवतो. सहाव्या खेपेला शेजारचा सरकून जागा देतो. बोलायला वर्षभर लागेल, पण मग तो तुमच्या घराची किल्ली सांभाळतो.

---

केतकीबन

तुमचं खरं असेल, पण माझ्याकडे वर्ष नाहीये. चार महिने आहेत, त्यातले दोन संपले. श्टामगास्ट होईपर्यंत मी मिरजेत असेन. मला त्या दिवशी, त्या संध्याकाळी कुणाशी तरी बोलायचं होतं, आणि तुमच्या होस्पोदात मी एकटी बाई कोपऱ्यात बसले असते तर सहा आठवडे मान हलवणाऱ्या वेटरकडे बघत बसले असते. एकट्या माणसाला आत शिरायलाच कुणीतरी लागतं. गाईडबाईंचं काम तेवढंच होतं, दार ढकलून आधी आत जाणं.

---

नलूमावशी

हे बरोबर बोललीस.

---

गिरगावकर

दार ढकलण्यावरून आठवलं. दारूबंदीच्या काळात मुंबईत 'आंटीचा अड्डा' असायचा. वांद्रे, माहीम, गिरगावातल्या वाड्यांतसुद्धा. १९४९ चा दारूबंदी कायदा आला आणि बाटली बाजारातून गेली ती आंटीच्या स्वयंपाकघरात. माझे वडील सांगायचे, नवा माणूस एकटा गेला तर आंटी दार उघडायची नाही. ओळखीचा कुणीतरी पुढे लागायचा. तो आत जाऊन 'माझा माणूस आहे' म्हणायचा, मग बाकावर जागा, बशीत उकडलेलं अंडं आणि चणे. म्हणजे गाईड तेव्हाही होताच, फक्त छत्री नव्हती. पकडले गेले तर वरात थेट ठाण्यात.

तो कायदा अजून आहे, बरं का. कागदोपत्री महाराष्ट्रात पिण्याचा परवाना लागतो, बिअरला वय २१ आणि कडक दारूला २५. आपल्यातल्या किती जणांनी परवाना काढलाय, हात वर करा.

---

पेठेतला

माझ्याकडे आहे. आजीवन. लॅमिनेट केलेला.

---

झिपरी

पेठेतला काका पितात??? धागा वर काढा!

---

टपरीवाला

काका, लॅमिनेट का केलात पण?

---

पेठेतला

कागद खराब होतो म्हणून. आणि मी वाईट म्हणालो ते पिण्याला नव्हे, रांगेला.

---

मुळशीची_पोर

एकटीने जाणाऱ्या मुलींसाठी काहीतरी लिहा ना कुणी. मी फेब्रुवारीत बुडापेस्ट आणि प्रागला जातेय. आई आत्ताच हा धागा वाचत बसलीय माझ्या मागे.

---

केतकीबन

आईंना नमस्कार सांग. मी पहिल्या फेरीत जे शिकले ते लिहिते. गट किती जणांचा आहे ते आधी विचार. पंधराच्या वर असेल तर सोड. 'पहिला तास हवं तेवढं' असं लिहिलेलं असेल तर नक्कीच सोड. त्या तासात देतात ती दारू कुणी विकत घेतली नसती. ग्लास डोळ्यांसमोर भरला गेला पाहिजे आणि टेबलावर सोडून बाथरूमला गेलीस तर परत आल्यावर तो पिऊ नकोस, नवा माग. जायच्या आधी शेवटचा पब घरापासून किती लांब ते नकाशात बघून ठेव. गाईडचा फोन नंबर घे. आणि गाईड माणसं मोजतो का ते बघ. मोजून कमी भरल्यावर थांबतो का, तेही.

---

व्ल्टावाकाठी

यात भर: मेट्रो मध्यरात्रीच्या सुमारास बंद होते, शुक्रवार-शनिवार थोडी उशिरा. पण रात्रीच्या ट्राम पहाटेपर्यंत असतात, ९१ ते ९९ क्रमांकाच्या, आणि त्या सगळ्या लाझार्स्का थांब्यावर एकत्र येतात. काहीही चुकलं तर लाझार्स्काला जा, तिथून घरी जाणारी कुठली ना कुठली सापडते. रस्त्यात हात करणाऱ्या टॅक्सीत बसू नकोस, ॲपवरून बोलाव. मदत लागली तर ११२. पैसे बदलून देतो म्हणणाऱ्या रस्त्यावरच्या माणसाकडे बघूही नकोस.

---

मुळशीची_पोर

धन्यवाद दोघांनाही. आई म्हणतेय कोफोलाच पी.

---

दर्यावर्दी

आईचं ऐक. पहिल्या पबात तरी.

---

व्ल्टावाकाठी

बरं, एवढं भांडून झालं तर कट्टाच करू. केतकीबन, तुम्ही इथे आहात, मी आहे, आणि व्यक्तिगत निरोपातून अजून दोघं निघाले, एक पार्दुबित्सेहून येतोय. माझ्या होस्पोदात, गुरुवारी साडेसहाला. एकच पब, हे माझं. आणि येताना यिर्झाकपासून चालत यायचं, वीस मिनिटं, दोन-दोनच्या जोड्यांत, हे तुमचं. चालेल?

---

केतकीबन

चालेल! तुमच्या श्टामगास्टांना त्रास नाही ना होणार चार मराठी माणसं एकदम शिरली तर?

---

पेठेतला

मुलगी ड्रेस्डेनला शिकते. ट्रेनने प्राग अडीच तास, असं ती म्हणते. आम्ही दोघं जूनमध्ये जातोय. सहज कळवून ठेवलं.

---

व्ल्टावाकाठी

काका, या. परवाना लागत नाही इथे.

केतकीबन, त्रास होईल, म्हणून खिडकीजवळचं टेबल घेतलंय, त्यांच्यापासून लांब. वर 'रेझर्वे'ची पाटी असेल. माझं नाव त्या वेटरला अकरा वर्षांत लिहिता आलेलं नाही, त्यामुळे पाटीवर 'इंदोव्हे' असं लिहिलेलं शोधा. म्हणजे 'भारतीय'. चिठ्ठी तुम्हीच घेऊन जा शेवटी.